तेराचा पासंग

३ तारीख, मंगळवार

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला सेन्सर बसवला. कोटाच्या बटणाएवढा. आतून केसासारखी एक तार कातडीखाली गेली आहे. दुखलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "झालं." मी म्हणालो, "काय झालं?" बायको हसली.

आता दर काही मिनिटांनी माझी साखर फोनवर उमटते. शेजारी एक बाण असतो. साखर चढते आहे, उतरते आहे की जागेवर आहे, ते बाण सांगतो. सत्तरच्या खाली गेली की फोन ओरडतो. चौदा दिवस हे बटण दंडावर राहील. काय खाल्लं, केव्हा खाल्लं, ते वहीत लिहा, असं डॉक्टर म्हणाल्या. वही ही. इतरही लिहीन. नुसतं "सफरचंद, एक" लिहायला मला वही लागत नाही.

हे सगळं कशासाठी, तेही नोंदवतो. गेल्या महिन्यात मी बसमधून चुकीच्या थांब्यावर उतरलो आणि एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. शिंप्याला वाटलं, घेतली आहे. मी त्याला फार अदबीनं एक पत्ता विचारत होतो म्हणे. त्याच्याच दुकानाचा. साखर एक्केचाळीस होती. मला काही कळलं नव्हतं. पूर्वी घाम यायचा, हात थरथरायचे. आता शरीर सांगत नाही. बावीस वर्षं इन्सुलिन घेतलं की असं होऊ शकतं. डॉक्टर म्हणाल्या, घंटा वाजवून वाजवून वाजवणारा कंटाळतो.

आणि बायकोला वीस तारखेला तिच्या ताईकडे जायचं आहे. ताई समुद्राकाठी दोन खोल्यांत एकटी राहते. महिनाअखेरीला त्या सोडून ती मुलाकडे परदेशी जाणार, कायमची. त्याआधी धाकट्या बहिणीनं दहा दिवस येऊन राहावं, असा तिचा हट्ट. मला दहा दिवस एकट्याला सोडता येईल का, एवढाच प्रश्न आहे. सतरा तारखेला आलेख बघून सांगते, असं डॉक्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, न सोडायला काय झालं?

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

खरं तर बायकोलाच सवय नाही. बावीस वर्षांत एक रात्र कुठे राहिली नाही. घरकोंबडी आहे.

४ तारीख, बुधवार

दिवसभर फोन बघत होतो. काम कमी झालं.

यंत्र फार सुंदर आहे. माझं आयुष्य काटे तपासण्यात गेलं, तेव्हा हे मी उगाच म्हणत नाही. औषधांच्या दुकानांतले, प्रयोगशाळांतले, सोनारांचे काटे आमच्याकडे येतात. आम्ही त्यांवर प्रमाणित वजनं ठेवतो, काटा किती खोटं बोलतो ते लिहितो आणि सही करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. तो इतका बारीक आहे की कॉलेजपासून त्याला सगळे मिलिग्रॅम म्हणतात. त्याची बायकोसुद्धा.

मिलिग्रॅमनं माझा दंड वळवून वळवून पाहिला.

"झोपताना काढून ठेवायचं का?"

"नाही."

"अंघोळीला?"

"नाही."

"म्हणजे लग्नच की."

दुपारी पाव आणि बटाटा खाल्ला. बाण उभा झाला, तासाभरानं कलला, मग आडवा. बावीस वर्षं मी दिवसातून चारदा बोट टोचत आलो. म्हणजे एका लांबलचक चित्रपटातली चार छायाचित्रं. मधे काय चाललं होतं ते आज पाहिलं. मी स्वस्थ बसलो होतो आणि आत एवढी चढउतार चालली होती.

५ तारीख, गुरुवार

कोणतंही नवं यंत्र आलं की आधी त्याची परीक्षा घ्यायची. सेन्सरची सुरू केली. आकडा आला की लगेच बोट टोचायचं, दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायचे.

सेन्सर एकशे बेचाळीस, बोट एकशे छप्पन. सेन्सर एकशे सत्याऐंशी, बोट दोनशे. सेन्सर एकशे अकरा, बोट एकशे तेवीस.

कमी दाखवतो आहे. सारखाच कमी.

आमच्यात याला पासंग म्हणतात. दोन्ही पारडी रिकामी असताना एक पारडं जरा खाली असतं. तो फरक म्हणजे पासंग. पासंग असला म्हणून काटा टाकून देत नाहीत. किती आहे ते माहीत असलं की झालं. तेवढं धरून वाचायचं.

७ तारीख, शनिवार

घरी होतो. अकरा वाजता बोट टोचलं, आकडा झाकला आणि स्वयंपाकघरात गेलो. बायको मटार सोलत होती.

"किती असेल?"

"काय?"

"माझी साखर."

"फोन आहे की तुमच्या हातात."

"तू सांग."

मान वर न करता ती म्हणाली, "नव्वद. पंच्याण्णव असेल फार तर."

त्र्याण्णव होती.

"कशावरून?"

"मघाशी दार लोटलंत. आपटलं नाहीत."

मला वाटलं, लागला असेल नेम. दोन वाजता जेवणानंतर पुन्हा विचारलं. ती दुसऱ्या खोलीत होती. "एकशे ऐंशीच्या वर," ती तिथूनच म्हणाली. एकशे ब्याऐंशी.

"आता कशावरून?"

"तीनदा विचारलंत, चष्मा कुठे आहे. डोक्यावर आहे."

८ तारीख, रविवार

कालपासून नऊ वेळा विचारलं. नऊही आकडे लिहिले. तिची चूक सरासरी सात. सेन्सरची तेरा.

शिवाय साखर वेगानं उतरत असली की सेन्सर मागे पडतो. तो रक्त बघत नाही, कातडीखालचं पाणी बघतो. तिथे बातमी दहा मिनिटं उशिरा पोहोचते. बायकोला उशीर होत नाही. आज साडेपाचला सेन्सर शंभर म्हणत होता. ती म्हणाली, "ऐंशी, आणि खाली चाललात." बोट एक्क्याऐंशी.

मी चकित झालो. अशा तोडीचं यंत्र माझ्या कपाटात नाही. तिला तसं सांगितलंही.

"यंत्र म्हणताय होय मला?"

"आमच्यात याहून मोठी स्तुती नाही."

"ठाऊक आहे मला. लग्नात म्हणाला होतात, वजन बरोबर आहे."

तिनं मग सगळ्या खुणा सांगितल्या. साखर वाढली की मी दार आपटतो. ऐंशीच्या खाली वाक्यं अर्धवट सोडतो. सत्तरच्या खाली हट्टाला पेटतो, खा म्हटलं की नको म्हणतो. साठच्या खाली तिला "आपण" म्हणायला लागतो.

"आणि पन्नासच्या खाली?"

"तेव्हा काही म्हणत नाही तुम्ही."

मी म्हटलं, "दिवसा हे सगळं ठीक आहे. पण रात्री तुझा उपयोग नाही. तिथे सेन्सरच हवा."

"हो," ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

९ तारीख, सोमवार

फोनच्या पाठीला कागदाची चिठ्ठी चिकटवली : "+१३". म्हणजे दर वेळी आठवायला नको.

रात्री फोन दोनदा ओरडला. दोन्ही वेळा उठून दूध घेतलं. बायको जागी झाली नाही. सकाळी आठ वाजेपर्यंत झोपली होती. काल साडेसातला उठली, परवा सव्वासातला. हिला पहिल्यापासून झोप कमी. रात्री मला कधी जाग आली तर ही जागीच असायची, बऱ्याचदा हातात दुधाचा पेला घेऊन. आता एकदम इतकी झोप. काल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली, मांडीवर अर्धवट घडी घातलेला सदरा. तब्येत दाखवायला हवी. सतरा तारखेला माझ्या डॉक्टरांनाच विचारीन.

ताईचा फोन आला होता. दोघी तासभर बोलल्या. बायकोनं माळ्यावरून बॅग काढायला लावली. आत तिचा जुना पोहण्याचा पोशाख निघाला. उन्हात धरून पाहिला. विरला आहे. नवा घ्यायला हवा म्हणाली.

ही पोहते हे मी विसरलो होतो.

११ तारीख, बुधवार

लिहिणं भाग आहे. जसं झालं तसं लिहितो.

एका औषध कारखान्याचा काटा तपासायचा होता. काचेच्या पेटीतला. मिलिग्रॅम शेजारच्या टेबलावर होता. मी आमचा प्रमाणित वजनांचा संच काढला. ही वजनं उघड्या बोटांनी उचलायची नसतात. बोटाच्या तेलकट ठशाचंसुद्धा वजन असतं आणि घामानं धातूवर डाग पडतो. चिमट्यानं उचलायची. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हे एवढंच शिकवतो.

अकरा वाजता फोन ओरडला. सहासष्ट. मी तेरा मिळवले. एकोणऐंशी. ठीक. काम चालू ठेवलं.

अकरा दहा. पुन्हा. अठ्ठावन्न. तेरा मिळवले. एकाहत्तर. ठीक. फोन उपडा ठेवला.

पुढचं मिलिग्रॅमनं सांगितलेलं आहे. त्याला पारड्याचा खणखण आवाज आला म्हणून त्यानं पाहिलं. मी चिमटा खिशात ठेवला होता आणि बोटांनी एकेक वजन उचलून काचेच्या पेटीत रांगेनं उभं करत होतो. मोठं आधी, लहान मागे. शाळेतल्या मुलांसारखं.

"अरे, काय करतोयस?"

"आपण जरा उजेडातून बाजूला होता का?"

मिलिग्रॅम म्हणतो, "पस्तीस वर्षांत तू मला गाढवाशिवाय हाक मारली नाहीस. 'आपण' ऐकलं आणि मी साखरेचा डबा शोधायला धावलो."

त्यानं साखर पाण्यात ढवळून माझ्या तोंडाला लावली. मी नको म्हणालो. त्यानं नाक दाबलं. बोटाची साखर सेहेचाळीस.

संच गेला. तो आता पुन्हा प्रमाणित करून आणावा लागेल, तीन आठवडे. तोवर आम्ही कशावरही सही करू शकत नाही. मिलिग्रॅम म्हणाला, "ठसे उमटलेत, खून नाही झालेला." पण वजनं पेटीत भरताना त्याच्या चिमट्यातून दोनदा वजन निसटलं.

चूक माझी आहे आणि ती साधी नाही. मी सेन्सरला एकशे अकरापासून दोनशेपर्यंत तपासलं आणि तोच पासंग सत्तरला लावला. काटा कधीही एकाच टोकाला तपासायचा नसतो. वर तेरा चुकतो म्हणून खाली तेरा चुकेल असं नाही. हे मी लोकांना शिकवतो.

चिठ्ठी फाडली.

१२ तारीख, गुरुवार

बायकोला काल सगळं सांगितलं. ती रागावली नाही. आज सकाळी सात वाजता तिचा आवाज ऐकून जाग आली. ती ताईशी बोलत होती.

"नाही गं. नाही जमायचं. नाही, तसं काही नाही. ते बरे आहेत. तू जाण्याआधी मीच एक दिवस येऊन जाते. सकाळी निघून रात्री परत. अगं, रडतेस काय."

मी बाहेर आलो तेव्हा बॅग माळ्यावर गेली होती. एवढी जड बॅग तिनं एकटीनं चढवली.

मी म्हटलं, "मी तुला जाऊ नको म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंत."

"मग?"

"चहा घ्या. निवतोय."

रात्री फोन ओरडला तेव्हा ती माझ्याआधी उठून बसलेली होती.

१३ तारीख, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो. सतराची वाट पाहिली नाही. बायकोही आली. डॉक्टरांनी आलेख मोठ्या पडद्यावर घेतला. दहा रात्री, एकाखाली एक. दहापैकी सात रात्री पहाटे तीनच्या सुमाराला खड्डा.

"हे रात्रीचं इन्सुलिन तुम्ही किती वर्षं घेताय?"

"हेच, आठ-नऊ वर्षं."

"मग हे खड्डे आठ-नऊ वर्षं पडत असणार. आणि तुम्हाला खूण लागत नाही." त्या पडद्याकडे बघत होत्या. "एकदाही रात्री दवाखान्यात आणावं लागलं नाही?"

"नाही."

"सकाळी कधी शुद्ध नव्हती, असं?"

"कधीच नाही. नशीब म्हणा."

"नशीब," डॉक्टर म्हणाल्या. "रात्री तुम्हाला कोण उठवायचं?"

"कोणी नाही. कधीतरी आपोआप जाग यायची. ही जागी असायची. दूध द्यायची. हिला झोप कमी. तेच तुम्हाला विचारायचं होतं, आता एकदम फार झोपते, म्हणजे कालपर्यंत झोपत होती..."

डॉक्टर बायकोकडे बघत होत्या. बायको खिडकीबाहेर बघत होती. बाहेर वाहनतळ होता. बघण्यासारखं काही नव्हतं.

रात्रीचं इन्सुलिन चार युनिटनं कमी केलं. जेवणाआधीचं तेच ठेवलं. फोन ओरडला की आधी खायचं, मग वाद घालायचा, असं डॉक्टर म्हणाल्या. पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. हे मी पाठ केलं.

१४ तारीख, शनिवार

सकाळी विचारलं.

"तू रात्री तीनला उठायचीस?"

ती चादर झटकत होती. "कधी कधी."

"रोज?"

चादरीचं दुसरं टोक तिनं माझ्या हातात दिलं. आम्ही घडी घातली.

"मानेला हात लावते," ती म्हणाली. "मागून. कोरडी असली तर झोपते. ओली असली तर दूध आणते. त्यात काय एवढं."

"गजर लावून?"

"आधी लावायचे. मग लागेनासा झाला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्हीही जागे राहिला असतात. दोघांनी जागून काय करायचं? एकानं तरी झोपलेलं बरं."

मी तिला घरकोंबडी म्हटलं आहे, याच वहीत. खोडत नाही. नोंद खोडायची नसते, शेजारी दुरुस्ती लिहायची असते. दुरुस्ती काय लिहू ते कळत नाही. बावीसला तीनशे पासष्टनं गुणायला घेतलं आणि सोडून दिलं.

दिवसभर घरात तिच्या मागे मागे फिरलो. शेवटी ती म्हणाली, "वाढलीय का? बघा जरा."

वाढली होती. दोनशे दहा. नुसती भातावर नव्हती वाढली.

१५ तारीख, रविवार

रात्र सपाट. सर्वांत खाली शंभर.

दुपारी फोन ओरडला. सेन्सर अडुसष्ट. आधी दोन चमचे साखर खाल्ली, लगेच बोट टोचलं. सत्तर. खालच्या टोकाला सेन्सर जवळपास खरं बोलतो. पासंग खाली नाहीच, वरच आहे. हे मी पाच तारखेलाच तपासायला हवं होतं.

१७ तारीख, मंगळवार

चार रात्री सपाट. जुना सेन्सर निघाला, उजव्या दंडावर नवा बसला. डॉक्टर म्हणाल्या, "राहू शकता एकटे. फोन ऐकलात तर."

हाच आकडा दुसऱ्याच्या फोनवरही दिसू शकतो, असं त्यांनी सांगितलं. मला ती युक्ती फार आवडली. बायकोला म्हटलं, "बघ. तुझ्या फोनवर लावून देतो. तिथे बसून तुला माझा एकेक आकडा दिसेल. मग जायला काय हरकत आहे?"

"माझ्या फोनवर नको."

"का?"

"मग मी तिथे जाऊनही इथेच असेन."

घरी येताना बसमध्ये तिनं खिडकीशी जागा धरली. उतरताना म्हणाली, "आणि मी जाणार नाहीच आहे. ताईला सांगून झालंय."

संध्याकाळी मिलिग्रॅमच्या फोनवर लावलं. पंचावन्नच्या खाली गेली तरच त्याचा फोन ओरडेल. घराची एक किल्लीही त्याच्याकडे दिली. तो म्हणाला, "तसंही मला चारनंतर झोप लागत नाही. पण सांगून ठेवतो, मी दूधबीध आणणार नाही. सरळ नाक दाबणार."

१८ तारीख, बुधवार

कामावरून ताईला फोन केला. मी तिला फोन करत नाही. शेवटचा केव्हा केला ते आठवत नाही.

"कोण? अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला?"

"ती येतेय. वीस तारखेला."

"ती तर नाही म्हणाली."

"ती नाही म्हणाली. मी हो म्हणतोय."

"तुम्ही सोडताय तिला?"

"मी कधी धरून ठेवली होती?"

"काहींना धरावं लागत नाही हो," ताई म्हणाली. "नुसतं झोपून राहिलं की पुरतं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ताईच म्हणाली, "रागावलात?"

"नाही. बरोबर आहे तुमचं."

मग ताई म्हणाली, "तिला म्हणावं, पोहण्याचा पोशाख घेऊन ये. इथे फार महाग मिळतात."

दुकानात गेलो. माप माहीत नव्हतं. दुकानातली मुलगी म्हणाली, "अंदाजे सांगा." मी दोन्ही हातांनी हवेत दाखवलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. निळा घेतला. येताना तिकीटही काढलं.

बायकोनं पोशाख उलटासुलटा पाहिला.

"एक माप मोठा आणलाय."

"बदलून आणतो."

"राहू दे," ती म्हणाली. "मीही बदललेय." आणि तो अंगाला लावून आरशापुढे वळून वळून पाहत राहिली. मग स्टूल ओढलं आणि मला म्हणाली, "धरा. बॅग काढते."

बॅग मी काढली.

२० तारीख, शुक्रवार

सकाळी सहाची गाडी. तिनं फ्रिजवर कागद लावला आहे. मी वाचला. "साखर : डबा दुसरा खण. टेबलावर. पलंगाशी. कोटाच्या दोन्ही खिशांत. न्हाणीघरात." बाकी काही सूचना नाहीत.

स्टेशनवर तिनं दोनदा माझ्या मानेकडे हात नेला. दुसऱ्या वेळी कॉलर नीट केल्यासारखं केलं.

"जाऊ ना?" तिनं विचारलं. गाडीत बसल्यावर.

"आता उतरलीस तर लोक हसतील."

"किती आहे?"

"तू सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. "नाही सांगत," ती म्हणाली. गाडी सुटली.

एकशे अठ्ठावीस होती.

२१ तारीख, शनिवार

घर फार मोठं आहे. पहाटे तीनला आपोआप जाग आली. एकशे बारा, बाण आडवा. मानेला हात लावून पाहिला. कोरडी. स्वतःची मान स्वतःला मागून नीट कळत नाही.

२२ तारीख, रविवार

सकाळपासून मोठं कपाट आवरत होतो. सगळं बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. जेवणाला उशीर झाला. इन्सुलिन मात्र वेळेवर घेतलं होतं. ही चूक.

दोन चाळीसला फोन ओरडला. एकोणसत्तर, बाण खाली. मी त्याला म्हणालो, "कळलं." शेवटचा खण राहिला होता. एवढा खण लावू आणि मग खाऊ, असं ठरवलं. हे ठरवणं फार शहाणपणाचं वाटत होतं. ते नोंदवून ठेवतो, कारण आतून काहीही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. घाम नाही, थरथर नाही. उलट डोकं लख्ख वाटत होतं. घरात कोणी नव्हतं आणि मी मोठ्यानं म्हणत होतो, "कशाला उगाच, एवढा खण लावतो आणि येतोच." हे वाक्य कुणाला म्हणत होतो ते माझं मलाच ऐकू आलं. याच सुरात ते बावीस वर्षं म्हणत आलो असणार.

फोन पुन्हा ओरडला. अठ्ठावन्न. मी स्वयंपाकघरात गेलो. डबा दुसऱ्या खणात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून उभ्यानं प्यायलो. खुर्चीत बसलो. पंधरा मिनिटं काही न करता बसणं सोपं नाही. एकसष्ट. त्र्याहत्तर. पंधरा मिनिटांनी बोट टोचलं : ब्याण्णव. मग पाव खाल्ला. मिलिग्रॅमचा फोन ओरडलाच नाही. पंचावन्नच्या खाली गेली नव्हती.

पाच वाजता बायकोचा फोन आला. ताईच्या खोलीतून पाणी दिसतं, काल दोघी कमरेपर्यंतच गेल्या, ताईला अजून उलटं पोहता येतं, असं सांगत होती. आवाज मोठा होता. तिच्या मागे वारा होता. एवढं सलग ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती. मी ऐकत होतो. सांगायचं की नाही, याचा विचार करत होतो. न सांगितलं तर ती राहील. सांगितलं तर उद्या सकाळच्या गाडीनं येईल.

पण मापाबाहेरचा आकडा लपवून सही करता येत नाही.

"दुपारी अठ्ठावन्न झाली होती," मी म्हणालो.

"मग?"

"खाल्लं. पंधरा मिनिटं थांबलो. ब्याण्णव."

"आधी खाल्लंत की आधी वाद घातलात?"

"आधी वाद घातला."

"किती वेळ?"

"सहा मिनिटं."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. ती माझा आवाज तपासते आहे, हे मला कळलं. मी आणखी काही जोडलं नाही. वाक्य पुरं झालं होतं.

"आता किती?"

"एकशे चार. बाण आडवा."

पलीकडून ताई ओरडली, "अगं येतेस ना? ओहोटी लागली की मग चिखलातून चालावं लागतं!"

"आले, आले," बायको म्हणाली. मग मला, "ठेवते हं. ताई टॉवेल घेऊन दारात उभी आहे."

आणि तिनं फोन ठेवला.

परत येते म्हणाली नाही. अजून आठ दिवस आहेत.